शेळीच्या दुधाचं चीज: धारेपासून भाकरीपर्यंत

श्रीखंडासाठी तुम्ही कधी घरी चक्का बांधला असेल, तर शेळीच्या दुधाचं चीज तुम्हाला निम्मं येतंच. दूध विरजायचं, फडक्यात बांधायचं, पाणी निथळू द्यायचं. फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या खोऱ्यात पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं काम मुळात एवढंच आहे. तिथले लोक विरजताना काही थेंब जास्तीचे घालतात, शेवटी मीठ लावतात आणि कुठेही घाई करत नाहीत. उरलेलं निम्मं मात्र स्वयंपाकघरात शिकता येत नाही. ते शेळी बांधलेली असते तिथे जाऊन शिकावं लागतं, कारण या चीजची चव धार काढताना आणि त्यानंतरच्या पहिल्या तासात ठरून जाते. म्हणून आधी दुधाबद्दल सविस्तर लिहितो, कृती मग.

शेळीच्या दुधाला वास येतो, हे आपल्याकडे सगळ्यांनी धरूनच चाललेलं आहे. मीही तसंच समजत होतो. पहिल्यांदा चीज केलं तेव्हा दूध प्लास्टिकच्या बाटलीतून, दुपारच्या उन्हात, मोटारसायकलच्या हँडलला अडकवलेल्या पिशवीत तासभर हिंदकळत आलं होतं. चीज बांधलं गेलं, पण त्याला बोकडाचा उग्र दर्प होता आणि घरात कोणी ते खाल्लं नाही. पुढच्या खेपेला मी स्वतः पहाटे वाड्यावर गेलो. स्टीलच्या किटलीत दूध घेतलं आणि किटली लगेच गार पाण्याच्या बादलीत उभी केली. शेळ्या त्याच, चारा तोच, पण या वेळच्या चीजला वास जवळजवळ नव्हताच. होता तो हलका आंबूस सुगंध, ताज्या लोण्याला असतो तसा.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. शेळीच्या दुधातल्या चरबीत कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक अशी तीन आम्लं बरीच असतात. त्यांची नावंच लॅटिनमधल्या ‘कॅप्रा’ म्हणजे शेळी या शब्दावरून पडली आहेत. ताज्या दुधात ती चरबीत बांधलेली असतात, तोवर वास येत नाही. पण दूध कोमट राहिलं आणि घुसळलं गेलं की दुधातलंच लायपेज नावाचं विकर त्यांना मोकळं करतं, आणि मग दर्प सुटतो. म्हणजे उपाय दोनच: दूध काढल्याबरोबर गार करायचं आणि हिंदकळू द्यायचं नाही. तिसरी गोष्ट बोकडाची. बोकड माजावर असताना त्याच्या शिंगांमागच्या ग्रंथींतून येणारा वास शेळ्यांच्या केसांना, धार काढणाऱ्याच्या हातांना आणि तिथून दुधाला लागतो. दुभत्या शेळ्या आणि बोकड वेगळे बांधलेले असतील तिथूनच दूध घ्या.

महाराष्ट्रात शेळ्यांची वाण नाही. धाराशिव, लातूर, बीडकडे उस्मानाबादी, नाशिक-नगरच्या पट्ट्यात संगमनेरी, विदर्भात बेरारी, सिंधुदुर्गात कोकण कन्याळ. यातली कुठलीही चालेल. मात्र या शेळ्या दुधासाठी वाढवलेल्या विलायती सानेनसारख्या नव्हेत. दिवसाला लिटरभर, कधी त्याहून कमी, एवढंच दूध असतं आणि त्यावर पहिला हक्क करडांचा. उस्मानाबादीला जुळी करडं पुष्कळदा होतात. करडं चांगली चरायला लागल्यावर जे दूध उरतं ते घ्यायचं. करडाच्या तोंडचं काढून केलेलं चीज मी खाणार नाही आणि तुम्हीही मागू नका. चार लिटर जमवायला पाच-सहा शेळ्यांचं दूध लागेल, हे धरून मालकाला दोन दिवस आधी सांगून ठेवा.

धार काढण्याआधी कास कोमट पाण्याने पुसून कोरडी करायला सांगा. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या वाटीत काढून टाकायच्या. त्यांत जंतू जास्त असतात, आणि त्यांत गुठळ्या किंवा रक्ताची झाक दिसली तर त्या शेळीला कासदाह आहे हेही तिथेच कळतं. तिचं दूध घ्यायचं नाही. लेंड्यांचा एखादा कण किंवा केस दुधात पडू नये म्हणून किटलीच्या तोंडावर फडकं बांधावं. व्यायल्यानंतरचे पहिले चार-पाच दिवस चीक असतो, तो चीजला उपयोगाचा नाही. आणि एक प्रश्न संकोच न करता विचारा: शेळीला गेल्या आठवड्यात काही इंजेक्शन दिलं होतं का? प्रतिजैविकाचा अंश दुधात उतरला असेल तर विरजणातले जीवाणू मरतात आणि कितीही वाट पाहिली तरी दूध लागत नाही. ते दूध खाण्याच्याही योग्यतेचं नसतं.

आता दूध तापवण्याविषयी. कच्च्या दुधाचं चीज अधिक चवदार असतं असं तुम्ही वाचाल. युरोपात ते होतंही, पण तिथे शेळ्यांच्या कळपाची नियमित तपासणी होते. आपल्याकडे वाड्यावरच्या शेळ्यांची अशी तपासणी क्वचितच झालेली असते. शेळ्यांमधला ब्रुसेलोसिस हा गाभ टाकायला लावणारा रोग कच्च्या दुधातून माणसाला होतो. ताप चढत-उतरत महिनोन् महिने राहतो, सांधे धरतात, आणि निदान उशिरा होतं. 19व्या शतकात माल्टा बेटावरचे ब्रिटिश सैनिक याच तापाने झिजत होते. 1887 साली डेव्हिड ब्रूस यांनी त्याचा जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे 1905 पर्यंत कळलं नाही. त्या वर्षी थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरांना तो बेटावरच्या धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांमध्ये सापडला. सैनिकांचं शेळीचं दूध बंद झालं आणि छावणीतला ताप ओसरला. ‘धडधाकट दिसणाऱ्या’ हे शब्द लक्षात ठेवा, कारण शेळीकडे पाहून काहीच कळत नाही. डेंगूच्या साथीत प्लेटलेट वाढतील या आशेने लोक शेळीचं दूध चढ्या भावाने आणून कच्चंच पितात. त्याने प्लेटलेट वाढतात याला भरवशाचा पुरावा नाही, ब्रुसेलोसिसचा ताप जडण्याचा धोका मात्र खरा आहे.

म्हणून दूध तापवायचंच, पण उकळायचं नाही. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात दुधाचं पातेलं ठेवा आणि दूध 63 अंश सेल्सियसला आणून पूर्ण अर्धा तास तिथेच राहू द्या. घाई असेल तर 72 अंशांवर नेऊन मिनिटभर धरा. चीजसाठी लागणारी एकच खरी खरेदी म्हणजे स्वयंपाकाचा थर्मामीटर. अंदाजाने हे काम करू नका. उकळी आली की दुधातली प्रथिनं एकमेकांना अशी चिकटतात की पुढे दूध गोठवणाऱ्या रेनेटचा परिणाम नीट होत नाही. टेट्रापॅकमधलं दीर्घकाळ टिकणारं दूध याच कारणाने बाद. तापवून झालं की पातेलं थंड पाण्यात, जमल्यास बर्फाच्या पाण्यात ठेवून दूध भराभर 24 अंशांपर्यंत उतरवा.

ज्यांनी शेळीच्या दुधाचं दही लावून पाहिलंय त्यांना माहीत असेल, ते म्हशीच्या दह्यासारखं कवडीदार होत नाही. शेळीच्या दुधातल्या केसीनची घडण वेगळी असते. गाईच्या दुधात मुबलक असलेला त्याचा एक प्रकार इथे कमी, त्यामुळे दह्याची वीण सैल आणि नाजूक राहते. चक्का करायला हरकत नाही, पण तो फडक्यातून झिरपून वाया फार जातो. इथे ते जास्तीचे थेंब कामाला येतात.

ते थेंब रेनेटचे. मूळचं रेनेट दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातून काढत. आता बुरशीपासून तयार केलेलं शाकाहारी रेनेट बेकरीच्या सामानाच्या मोठ्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळतं. बाटली फ्रिजमध्ये ठेवावी. काष्ठौषधींच्या दुकानात ‘पनीरफूल’ या नावाने अश्वगंधेच्या कुळातल्या एका झुडपाची वाळकी फळं मिळतात. सिंध-पंजाबकडे त्यांवर दूध लावायची जुनी रीत होती. अंजिराच्या कच्च्या फळाचा चीकही दूध गोठवतो, आणि पुरंदरकडे तो फुकट मिळेल. पण या दोन्हींनी चीजला कडवटपणा येतो आणि जोर किती ते दरवेळी बदलतं. अंजिराच्या चिकाने हातांची आगही होते. नवशिक्याने बाटलीतलंच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

विरजण कुठलं घ्यावं? चीजसाठीची जीवाणूंची वाळवलेली पूड मिळते. कमी तापमानाला काम करणारी, म्हणजे ‘मेसोफिलिक’ असं लिहिलेली घ्या. तिने दरवेळी सारखा परिणाम मिळतो. ती नसेल तर घरचं ताक चालतं, पण थंडीत साध्या खोलीच्या उबेला लागलेल्या दह्याचं, ताजं आणि गोडसर असायला हवं. बाजारातलं योगर्ट घेऊ नका. त्यातल्या जीवाणूंना 40 अंशांच्या पुढची ऊब लागते, आपण दूध ठेवणार 22-24 अंशांना.

याच तापमानामुळे हे काम ऋतूला बांधलेलं आहे. दिवाळी ते होळी हा आपला चीजचा हंगाम. पुणे, नाशिक, सातारा, सांगलीकडे या दिवसांत रात्रभर घरातली हवा नेमकी हवी तशी असते. एप्रिल-मेमध्ये 35 अंशांच्या खोलीत तेच दूध सात-आठ तासांत आंबट होऊन फुटेल आणि चीज भुसभुशीत होईल. उन्हाळ्यात करायचंच असेल तर पातेलं पाण्याच्या घमेल्यात ठेवून त्याला ओलं फडकं गुंडाळा, माठाला गुंडाळतो तसं, आणि फडक्याची टोकं पाण्यात राहू द्या. कोकणात हवा आधीच दमट असल्याने ही युक्ती फारशी चालत नाही. तिथे पाण्यात बर्फाची बाटली सोडावी लागते.

आता प्रत्यक्ष कृती, चार लिटर दुधाची. संध्याकाळी सात-आठला सुरुवात करा. 24 अंशांवर आलेल्या दुधात पाकिटावर दिलेल्या प्रमाणात पूड भुरभुरा, किंवा पाव वाटी ताक घाला. रेनेटचे फक्त तीन-चार थेंब पाव वाटी पाण्यात मिसळा. पाणी उकळून गार केलेलं हवं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन रेनेटला मारतं. ते पाणी दुधात घालून झाऱ्याने वरून खाली, वरून खाली असं अर्धा मिनिट हलकेच ढवळा आणि झाकण ठेवा. बाटलीवर लिहिलेलं प्रमाण बहुधा कडक चीजचं असतं. आपल्याला त्याच्या दहाव्या भागाच्या आसपास पुरे. जास्त घातलं की चीज रबरासारखं होतं. ही चूक सगळ्यांत जास्त होते, कारण एवढ्याशा थेंबांनी काय होणार, असं वाटून हात सुटतो.

मग अठरा ते चोवीस तास पातेल्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर झाकण काढाल तेव्हा दही तळाशी बसलेलं, कडेपासून किंचित सुटलेलं, आणि त्यावर बोटाच्या पेराएवढी हिरवट-पिवळसर निवळी दिसायला हवी. चमच्याने थोडं काढून चाखा. स्वच्छ आंबटपणा लागला की झालं. उलट दही वर तरंगत असेल, त्यात स्पंजासारखी भोकं असतील आणि वास यीस्टचा किंवा शेणाचा येत असेल, तर दुधात घाण गेलेली आहे. मीठ-मसाला घालून ते वाचवायच्या भानगडीत पडू नका. सगळं टाका, भांडी उकळून घ्या, आणि दूध जिथून आणलं तिथे धार कशी काढतात ते परत जाऊन पाहा.

चांगलं लागलेलं दही फोडायचं किंवा ओतायचं नाही. मलमलीचं नाहीतर जुन्या मऊ धोतराचं फडकं, साबण न लावता पाण्यात दहा मिनिटं उकळून, चाळणीवर पसरा. उथळ डावाने दह्याचे पातळ थर उचलून अलगद त्यावर ठेवत जा. थर जितके अखंड, तितका चीजचा पोत रेशमी. तास-दीड तासाने फडक्याची टोकं बांधून पुरचुंडी टांगा. चक्क्यासारखी पिळू नका, वर वजन ठेवू नका. आठ ते बारा तासांत ते लोण्याइतकं घट्ट होतं. खोली गरम असेल तर चाळणीसकट फ्रिजमध्ये निथळू द्या. मग तोला आणि किलोला 12 ते 15 ग्रॅम या हिशोबाने बारीक मीठ मिसळा. चार लिटरांतून साधारण 700 ते 900 ग्रॅम चीज निघतं. गाईच्या चीजसारखी पिवळी झाक त्याला कधी येत नाही, कारण शेळीच्या दुधात कॅरोटीन जवळजवळ नसतंच. पांढरंशुभ्र असणं हीच त्याची ओळख.

आकार हवा असेल तर टांगण्याऐवजी बारीक भोकांच्या वाट्यांमध्ये दही भरा आणि दिवसातून दोनदा उलटा. मुंबईतल्या पारशी घरांमध्ये ‘टोपली पनीर’ असंच होत आलंय: रेनेटवर लावलेलं नाजूक दही छोट्या टोपल्यांत निथळवून खारवलेल्या निवळीत ठेवलेलं. कृती थोडी वेगळी, पण आपल्या मातीत रेनेटचं चीज परकं नाही, हे त्यावरून कळावं.

रेनेट मिळालंच नाही तर लिंबावरचं करा. दोन लिटर दूध 85 अंशांपर्यंत तापवा, आच बंद करा, चार मोठे चमचे लिंबाचा रस हळूहळू घाला आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. फडक्यात गाळून दीड-दोन तास टांगलं की पनीरच्या चुलतभावासारखं चीज होतं, थोडं मऊ आणि दाणेदार. तव्यावर परतलं तरी वितळत नाही. चांगलं लागतं, पण वरच्या चीजची चव त्याला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

महिनोन् महिने मुरवलेलं, वर पांढरी बुरशी आलेलं किंवा राखेत घोळवलेलं फ्रेंच चीज घरी करायचा मोह पुढे होतो. त्याला 10 ते 13 अंश तापमान आणि भरपूर दमटपणा सतत लागतो. घरच्या फ्रिजमध्ये हवा त्याहून थंड आणि कोरडी, आणि बाहेर तर प्रश्नच नाही. वेगळा फ्रिज आणि तापमान नियंत्रक घ्यायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा. ताजं चीज हवाबंद डब्यात, फ्रिजच्या सगळ्यांत थंड कप्प्यात आठवडाभर राहतं. लसूण घालून तेलात बुडवून बरणी बाहेर ठेवायची पद्धत कुठे दिसली तर करू नका. हवा नसलेल्या तेलाखाली बोट्युलिझमचे जंतू वाढतात आणि ते जिवावर बेततं. लसूण खाताना घाला.

गाईचं दूध सोसत नाही म्हणून कोणी हे चीज मागेल. दुग्धशर्करा पचत नसेल तर शेळीच्या दुधातही ती जवळपास तेवढीच असते. निथळलेल्या चीजमध्ये ती बरीच कमी होते, पूर्ण जात नाही. गाईच्या दुधाच्या प्रथिनांचीच ॲलर्जी असेल तर बहुधा यानेही त्रास होतो, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

तीन लिटरांच्या आसपास निवळी उरेल. ती आंबट असते, म्हणून थालीपिठाचं पीठ, भाकरीचं पीठ भिजवायला किंवा कढीला उत्तम. उरलेली दुप्पट पाणी घालून झाडांना द्या. ओढ्यात-नाल्यात ओतू नका, ती कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते.

खाताना ज्वारीची गरम भाकरी घ्या, वर बोटभर जाड चीज पसरा आणि जवसाची चटणी भुरभुरा. हिरव्या मिरचीच्या ठेच्याबरोबर त्याचा आंबटपणा विलक्षण खुलतो. थोड्या मधाबरोबर लहान मुलंही खातात. फ्रेंच लोक पावाबरोबर खातात म्हणून पाव आणायची गरज मला कधी वाटली नाही.

आणि एक विनंती. शेळीचं दूध बऱ्याच गावांत आजही चहापुरतं वापरलं जातं नाहीतर इतर दुधात मिसळून जातं, त्याला वेगळा भाव मिळत नाही. तुम्ही कास पुसायला, धारा टाकायला, किटली गार पाण्यात ठेवायला सांगणार आहात, म्हणजे कोणाचं तरी काम वाढवणार आहात. त्याचे पैसे वेगळे द्या. आणि पहिलं जमलेलं चीज घेऊन त्याच वाड्यावर जा. ज्या बाईने त्या शेळ्यांची धार काढली, तिने हे चीज बहुधा कधी चाखलेलं नसेल.